अद्ययावत म्हणजे आजपर्यंतचं

(आपल्या प्रभागसंघाच्या मासिक सभेत प्रभाग समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या तायांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी ते इथे छापत आहोत. गटाच्या पुढच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, ही विनंती.)



आजच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय आहे, 'गटांचे दप्तर अद्ययावत करणे'. मागच्या सभेत हाच विषय होता. त्याच्या मागच्या सभेतही होता. दर वेळी तो वाचला जातो, सगळ्या माना हलवतात आणि आपण पाचव्या विषयाकडे जातो. म्हणून अध्यक्षताई मला म्हणाल्या, 'पोरी, आज बाकीचं काही सांगू नको. ह्या एका शब्दावरच बोल.' तर आज मी एकाच शब्दावर बोलणार आहे. शब्द अवघड दिसतो, पण काम रोजचं आहे.

आधी आपण पंचसूत्री म्हणू या. नियमित बैठक. नियमित बचत. नियमित अंतर्गत कर्जव्यवहार. नियमित परतफेड. आणि पाचवं? बघा, पहिली चार म्हणताना सभागृह दणाणलं आणि पाचव्याला आवाज खाली आला. पाचवं सूत्र आहे अद्ययावत लेखे. पहिली चार सूत्रं आपण पाळली की नाही, हे बाहेरच्या माणसाला कुठे दिसतं? पाचव्यात. तुम्ही दर आठवड्याला बसलात, पैसे जमवले, कर्ज दिलं, फेडलं, सगळं केलं. पण ते वहीत नसेल तर त्या वहीच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही.

शब्दाची फोड

अद्ययावत हा शब्द संस्कृतातून आला आहे. त्याचे दोन तुकडे आहेत. 'अद्य' म्हणजे आज. 'यावत्' म्हणजे पर्यंत. अद्ययावत म्हणजे आजपर्यंतचं. संपलं, एवढाच अर्थ.

हे दोन्ही तुकडे तुमच्या कानावरून गेलेले आहेत. सत्यनारायणाला भटजी संकल्प सोडतात, तेव्हा पूजेच्या आधी 'अद्य' म्हणून संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार असं सगळं सांगतात. आज कोणता दिवस आहे हे सांगितल्याशिवाय पूजा सुरू होत नाही. आपल्या गटाचं इतिवृत्तही तसंच तारखेने सुरू होतं. आणि जुन्या दानपत्रांत, इनामाच्या कागदांत 'यावच्चंद्रदिवाकरौ' असं लिहिलेलं असायचं, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत. तो 'यावत्' आणि आपला 'यावत' एकच.

ह्या शब्दाची एक बहीण आहे, 'अद्याप'. अद्य आणि अपि, म्हणजे आज सुद्धा, अजूनही. 'हप्ता अद्याप आलेला नाही', 'रस्ता अद्याप झालेला नाही', असं आपण ऐकतो. 'अद्याप' बहुतेक वेळा काय राहिलंय ते सांगतो. 'अद्ययावत' काय झालंय ते सांगतो.

लिहिताना एक लक्षात ठेवा. पुष्कळ ठरावांत 'अद्यावत' असं लिहिलेलं असतं. मधला एक 'य' गळतो. बरोबर शब्द अद्ययावत. पण त्यासाठी घाबरून लिहायचं थांबवू नका. एक 'य' गळला म्हणून बँक वही परत करत नाही. एक महिना गळला तर करते.

नवं आणि अद्ययावत

मध्ये एका गटात मी विचारलं, 'मावशी, वही अपडेट आहे का?' मावशी म्हणाल्या, 'हाय की! कालच नवी कोरी आणलीया, कव्हर बी घातलंया.' सगळ्या हसलो. पण मावशींचा दोष नाही. हा शब्द आपण ऐकतो तोच तसा. वर्तमानपत्रात येतं, 'तालुक्यात अद्ययावत रुग्णालय उभारणार', 'अद्ययावत यंत्रसामग्री', 'अद्ययावत सुविधांनी सज्ज सभागृह'. तिथे त्याचा अर्थ होतो आधुनिक, सध्या जे सगळ्यात चांगलं मिळतं ते. मोबाईलमध्ये येतं, 'अपडेट करा', म्हणजे ॲपचं नवं रूप उतरवून घ्या. त्यामुळे मनात बसतं की अद्ययावत म्हणजे नवीन, चकचकीत, महागाचं.

दप्तराच्या बाबतीत तसं नाही. कोपरे दुमडलेली, तेलाचा हात लागलेली, सात वर्षांची जुनी वही, पण तिच्यात परवाच्या बैठकीची बचत लिहिलेली आहे, तर ती अद्ययावत. आणि कव्हर घातलेली कोरी वही अद्ययावत नाही. वहीला विचारायचा प्रश्न एकच: तुला कोणत्या तारखेपर्यंतचं माहीत आहे?

आणि हे काम तुम्हाला येत नाही असं कुणी म्हणू नका. दुधाचे खाडे तुम्ही कॅलेंडरवर मांडता. गाय कोणत्या तारखेला भरवली ते भिंतीवर लिहून ठेवता आणि तिथून नऊ महिने नऊ दिवस मोजता. बाळाच्या लसीचं कार्ड ट्रंकेत जपून ठेवता आणि आशाताई आली की बरोबर काढून देता. किराणावाला उधारी लिहितो तेव्हा तुमचं लक्ष त्याच्या पेनावर असतं, जास्त तर लिहीत नाही ना म्हणून. हे सगळं अद्ययावत ठेवणंच आहे. फक्त गटाच्या वहीपाशी आलं की आपण म्हणतो, 'ते सचिवताई बघतील.'

वही मागे राहिली की पैसे जातात

आता हिशोब करू. एका ताईने गटातून 20,000 रुपये कर्ज घेतलं. दरमहा 2,000 मुद्दल फेडायचं, दहा महिने. व्याज शेकडा 2 रुपये महिना. पहिल्या महिन्यात 20,000 वर 400 रुपये व्याज. 2,000 फेडले, राहिले 18,000. दुसऱ्या महिन्याचं व्याज 360. मग 320, मग 280. असं उतरत उतरत दहाव्या महिन्यात 40 रुपये. सगळं मिळून व्याज झालं 2,200.

आता समजा, मुद्दल परत आलं पण खतावणीत शिल्लक कमी करून लिहिली नाही. वहीत 20,000 ते 20,000 च. दर महिन्याला त्यावर 400 रुपये व्याज घेतलं. दहा महिन्यांचे 4,000 झाले. म्हणजे 1,800 रुपये जास्त गेले. कुणी चोरी केली नाही, कुणाची नियत वाईट नाही. फक्त पेन मागे राहिलं. 1,800 रुपये म्हणजे शेतातल्या कितीतरी दिवसांची मजुरी, हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून गटाची वही आणि तुमचं वैयक्तिक पासबुक, ह्या दोन्ही ठिकाणी एकच आकडा दिसला पाहिजे. गटाची वही सचिवताईंकडे असते. पासबुक तुमचं आहे. बैठकीतून उठण्याआधी ते भरलेलं पाहिजे. 'पुढच्या वेळी लिहू' ह्या एका वाक्याने गट मोडलेले आहेत. पैसे थोडे असतात, पण 'मी दिले होते' आणि 'तू दिले नव्हते' ह्यात दोन शेजारणी वर्षानुवर्षं बोलत नाहीत. कागदावर असतं तर ते भांडण झालंच नसतं.

आता बँकेची गोष्ट. आपल्या उमेदच्या गटांना बँकेने कर्ज देताना काय बघावं, याचे नियम रिझर्व्ह बँकेने घालून दिले आहेत. त्यात एक नियम आपल्या फार कामाचा आहे. गट किमान 6 महिने चालू असला पाहिजे, आणि हे 6 महिने बचत खातं उघडल्याच्या तारखेपासून मोजायचे नाहीत, गटाच्या हिशोबाच्या वह्यांप्रमाणे मोजायचे. बघा बरं, केवढी ताकद आहे तुमच्या वहीत! खातं उघडायला बँकेने उशीर केला तरी तुमचा गट लहान ठरत नाही. तुमची वही सांगेल ते गटाचं वय. पण ते वय सांगायला वही दर आठवड्याची हवी. शिवाय गट पंचसूत्री पाळतो का हे बघतात, आणि नाबार्डने ठरवलेल्या निकषांवर गटाची प्रतवारी होते. त्यातही दप्तराला गुण आहेत. 10 लाखांपर्यंतच्या गटकर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, असाही नियम आहे. तुमच्याकडे सातबारा नाही, सोनं नाही, तरी बँक पैसे देते. कशाच्या जोरावर? एकमेकींच्या भरवशावर आणि त्या भरवशाच्या लेखी पुराव्यावर.

एका रात्रीत भरलेली वही

इथे एक कडू गोष्ट बोलते, राग मानू नका. लेखापरीक्षण जवळ आलं किंवा बँकेचे साहेब येणार असं कळलं की काही ठिकाणी एका रात्रीत सहा महिन्यांची वही भरली जाते. बघितल्याबरोबर कळतं. चोवीस बैठका, एकच शाई, एकच हात. सगळ्या बैठकांना सगळ्या हजर, कुणाचं पोर आजारी नाही, कुणाच्या घरी लग्न नाही, पोळ्याच्या दिवशीसुद्धा शंभर टक्के हजेरी!

ह्याला वही अद्ययावत करणं म्हणत नाहीत. ही रचलेली वही. खऱ्या वहीत गैरहजेरी असते, थकलेला हप्ता असतो, 20 रुपये दंड असतो, एखादी खाडाखोड असते आणि तिच्याशेजारी सही असते. थकलेला हप्ता दिसला म्हणून कुणी गटाला नावं ठेवत नाही. तो का थकला, गटाने काय ठरवलं, हे लिहिलेलं असलं तर उलट विश्वास वाढतो. काही महिने खरंच राहिले असतील तर ज्या तारखेला लिहिताय ती तारीख टाका, 'मागील नोंदी पावत्या व पासबुकांवरून घेतल्या' असं स्पष्ट लिहा, बैठकीत वाचून दाखवा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. तो मार्ग सरळ आहे.

आता आपलं दप्तर मोबाईलवरही भरलं जातं, लोकोस ॲपमध्ये. ताई विचारतात, 'मग वही कशाला?' वही पाहिजेच. मोबाईलमध्ये तेच जातं जे वहीत असतं. आणि वही बैठकीच्या मध्यभागी उघडी असते, ज्यांना मोबाईल चालवता येत नाही त्यांनाही ती विचारता येते.

मुकादमाची वही आणि आपली वही

आपल्या भागातली अर्धी गावं दिवाळीनंतर ओस पडतात. कोयता घेऊन बाया-माणसं तोडीला जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. त्या चार-पाच महिन्यांत गटाची वही झोपते. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते ह्यावरच.

तोडीला जाताना मुकादमाकडून उचल घेतली जाते. ती उचल मुकादमाच्या वहीत त्याच दिवशी लिहिली जाते. मध्ये आजारपणाला घेतलेले हजार रुपये लिहिले जातात. खाडे लिहिले जातात. त्याची वही रोजच्या रोज अद्ययावत असते. आपल्याकडे मात्र काहीच नसतं. हंगाम संपताना तो सांगतो, 'अजून एवढे फिटायचे राहिले', आणि आपण मान खाली घालून ऐकतो, कारण आपल्याकडे दाखवायला दुसरा आकडा नाही. ज्याची वही आजपर्यंतची असते, त्याचा शब्द शेवटचा ठरतो. दुकानात तसंच, सावकाराकडे तसंच, फडावरही तसंच.

म्हणून तोडीला जाणाऱ्या प्रत्येक ताईने दहा रुपयांची छोटी वही बरोबर न्यायची. पहिल्या पानावर उचल किती, कोणत्या तारखेला, कुणासमोर. मग रोज एक ओळ: तारीख, खेपा, वजनाच्या पावतीवरचे टन, खाडा असेल तर का. मध्ये घेतलेले पैसे वेगळ्या पानावर. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून लिहून घ्या. तेही नसेल तर खेपेला एक रेघ मारा. रेघासुद्धा पुरावा असतो. जमेल तेव्हा वजनाच्या पावतीचा मोबाईलवर फोटो काढा.

आणि गटासाठी, जाण्याआधी एक बैठक घ्यायची. त्या दिवशी प्रत्येकीचं पासबुक आणि गटाची खतावणी जुळवायची आणि सह्या करायच्या. तोडीच्या काळातली बचत कशी येणार ते ठरावात लिहायचं: दर महिन्याला गटाच्या खात्यावर पाठवणार की आल्यावर एकदम भरणार. गावात राहिलेल्या तायांनी बैठक चालू ठेवायची आणि हजेरीत 'तोडीला गेल्या' असं लिहायचं. रिकामी जागा सोडायची नाही, खोटी हजेरीही लावायची नाही. 'तोडीला गेल्या' ही खरी नोंद आहे, आणि आपल्या भागाची ती खरी अवस्थाही आहे.

आपले स्वतःचे कागद

गटाच्या वहीकडून आता घरच्या ट्रंकेकडे येते. एक विचार करा. पुरुषाचं नाव, गाव, पत्ता जन्मापासून मरेपर्यंत बहुधा एकच राहतो. बाईचं काय? लग्न झालं की गाव बदलतं, आडनाव बदलतं, कधी पहिलं नावसुद्धा बदलतं. नवरा गेला की कागदावरची तिची ओळख पुन्हा बदलते. म्हणजे ज्यांचं आयुष्य जास्त वेळा बदलतं, त्यांचेच कागद जास्त वेळा मागे राहतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, आणि मग कोणत्या तरी योजनेच्या यादीत आपलं नाव 'त्रुटी' म्हणून येतं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पण बदललं असेल तर सगळीकडे एकच ठेवा.

ऑफिसात गेलात की कोणता शब्द वापरायचा, तेही सांगते, कारण शब्द चुकला की खिडकी चुकते आणि दिवसाची मजुरी जाते. कागदाचं काम चार प्रकारचं असतं.

पहिलं, दुरुस्ती. लिहितानाच चुकलं होतं. 'सुमन' चं 'सुमण' झालं, जन्मतारीख चुकली. चुकीचं होतं ते बरोबर करणं म्हणजे दुरुस्ती.

दुसरं, अद्ययावत करणं. लिहिलं तेव्हा बरोबर होतं, पण नंतर बदललं. पत्ता बदलला, मोबाईल नंबर बदलला. लहान मुलांचं निळं बाल आधार घ्या. त्यावर बोटांचे ठसे नसतात. मूल पाच वर्षांचं झालं की ठसे आणि डोळ्यांची नोंद द्यावी लागते आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. कुणाचं काही चुकलेलं नाही, मूल मोठं झालं, एवढंच. सून आली तर रेशनकार्डात तिचं नाव चढवायचं आणि त्यासाठी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, हेही त्यातच आलं. मतदार यादीत पत्ता बदलायला नमुना 8 भरतात.

तिसरं, नूतनीकरण. मुदत संपली, पुन्हा चालू करायचं. उदाहरणार्थ विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपये आणि जीवनज्योती विमा 436 रुपये. दोन्ही काढले असतील तर मे महिन्याच्या अखेरीस खात्यात 456 रुपये शिल्लक पाहिजेत. नसतील तर विमा पुढे चालू राहत नाही, आणि ते कधी कळतं? घरातलं माणूस गेल्यावर.

चौथं, फेरफार. जमिनीच्या हक्कात बदल झाला की त्याची नोंद गाव नमुना 6 मध्ये होते आणि मग सातबारा बदलतो. हा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा आणि आपण सगळ्यात जास्त टाळतो तोही हाच.

वारस नोंद: उद्यावर ढकलू नका

घरातला कर्ता माणूस गेला की दुःखात कागद कुणाला आठवत नाहीत, आणि आठवले तरी बोलायची लाज वाटते. 'तेरावा झाला नाही अन् हिला सातबारा सुचतोय' असं लोक म्हणतील ही भीती. मग वर्ष जातं, दोन वर्षं जातात. सातबारावर मयताचंच नाव राहतं, नाहीतर भावकीतल्या दुसऱ्याच कुणाचं चढतं.

हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे, मृत्युपत्र केलेलं नसेल तर नवऱ्याच्या मागे बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस आहेत. इतर धर्मांच्या भगिनींना त्यांचा त्यांचा वारसा कायदा लागू होतो, पण नोंदीची पद्धत सगळ्यांना तीच आहे. सातबारावर नाव नाही म्हणून हक्क संपत नाही, हे खरं. पण पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई, हे सगळं सातबारावरच्या नावाकडे बघून होतं. हक्क तुमचा असेल, तरी पैसे नाव असलेल्याकडे जातात.

क्रम सोपा आहे. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची आणि मृत्यूचा दाखला घ्यायचा. वारसा मिळाल्याची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे द्यायची. अर्जाबरोबर सगळ्या वारसांची नावं द्यायची आणि अर्ज दिल्याची पोच घ्यायची, ती विसरू नका. नोंद घेतल्यावर नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यानंतर सातबाराचा उतारा काढून स्वतःचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं. कुणीतरी 'झालं' म्हणालं म्हणून झालं समजायचं नाही.

तसंच बँकेतल्या नॉमिनीचं. पुष्कळ पुरुषांनी लग्नाआधी खातं उघडलेलं असतं आणि नॉमिनी म्हणून आईचं नाव दिलेलं असतं. मग लग्न होतं, पोरं होतात, आई जाते आणि फॉर्ममध्ये तेच नाव राहतं. आज घरी गेल्यावर नवऱ्याला सहज विचारा, 'तुमच्या खात्याला नॉमिनी कोण?' आणि स्वतःच्या खात्याचंही बघा.

हे काम एकटीने करायला जड जातं. गट कशासाठी आहे? एखाद्या ताईच्या घरी असं दुःख झालं की गटातल्या दोघींनी आपणहून जबाबदारी घ्यावी. भाकरी घेऊन जातोच आपण. तशी महिन्याभरात तिच्याबरोबर एक चक्कर तलाठी कार्यालयात मारावी.

ह्याच शब्दाने फसवणूकही होते

एक सावधगिरी. फोन येतो, 'तुमचं केवायसी अपडेट नाही, आज रात्री खातं बंद होईल.' नाहीतर मेसेज येतो, 'लाडक्या बहिणीचा हप्ता हवा असेल तर ह्या लिंकवर माहिती अपडेट करा.' बघा, चोराने शब्द बरोबर निवडलाय. 'अपडेट' आणि 'आज', दोन्ही आपल्याला घाबरवायला वापरलेत. बँक फोनवरून ओटीपी मागत नाही, एटीएमचा पिन मागत नाही. अनोळखी लिंक दाबायची नाही, कुणी पाठवलेलं ॲप उतरवून घ्यायचं नाही. केवायसी करायची तर पासबुक घेऊन शाखेत जायचं किंवा आपल्या बँक सखीला विचारायचं. आणि पैसे गेलेच तर रडत बसू नका, लाजू तर अजिबात नका, लगेच 1930 ह्या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

पुढच्या सभेपर्यंत एवढं करू या

आता मी थांबते. पण चौथा विषय नुसता 'मंजूर' करून सोडायचा नाही. प्रत्येक गटाने पुढच्या सभेला येताना ही पाच कामं केलेली असावीत.

1. प्रत्येक सदस्येचं पासबुक आणि गटाची खतावणी बैठकीत मोठ्याने वाचून जुळवायची. फरक निघाला तर लपवायचा नाही, इतिवृत्तात लिहायचा.

2. ज्यांच्यावर कर्ज आहे त्यांची शिल्लक मुद्दल आणि पुढच्या महिन्याचं व्याज त्यांना तोंडी सांगायचं. त्यांना ते पटलं पाहिजे.

3. लिहिणारी एकच असेल तर दुसरीला शिकवायला घ्यायची. सचिवताई आजारी पडल्या म्हणून वही आजारी पडता कामा नये.

4. तोडीला जाणाऱ्या तायांची यादी करायची आणि जाण्याआधीच्या बैठकीची तारीख आत्ताच धरायची.

5. गटात कुणाच्या घरी वारस नोंद, नॉमिनी, रेशनकार्ड किंवा मुलांचं आधार राहिलंय ते विचारायचं आणि नावासकट ग्रामसंघाकडे द्यायचं. तिथून पुढे कॅम्प लावणं, तहसीलशी बोलणं, हे काम प्रभागसंघ आणि मी मिळून करू.

ह्या पाच कामांना पैसे लागत नाहीत. बैठकीतली वीस मिनिटं लागतात आणि 'कुणीतरी बघेल' हा विचार सोडावा लागतो. तुमच्या कष्टाचा हिशोब तुमच्याकडे असला पाहिजे, आणि तो आजपर्यंतचा असला पाहिजे. पुढच्या सभेत चौथ्या विषयाला मी प्रत्येक गटाकडून फक्त एक तारीख ऐकणार आहे: तुमच्या वहीत शेवटची नोंद कोणत्या दिवसाची आहे?

आता चहा घेऊ या, आणि चहा पिता पिता ज्यांची पासबुकं पिशवीत आहेत त्यांनी ती बाहेर काढा.